एन्ट्रॉपी वाढली की घटली, हे आधीच कसं ओळखायचं?

मालविका_इंदूर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी इंदूरला सुदामानगरात अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. बरीचशी मुलं मराठी घरातली. शाळेत इंग्रजी नाहीतर हिंदी, पण शंकेवरून वाद घालायची वेळ आली की सगळी मराठीवर येतात. सध्या ऊष्मागतिकीवरून वाद पेटला आहे, म्हणून हा धागा.

परीक्षेत एक ठरलेला प्रश्न असतो: अमुक प्रक्रियेत एन्ट्रॉपी (रेणूंमध्ये ऊर्जा किती तऱ्हांनी पसरू शकते त्याचं माप) वाढेल, घटेल की तेवढीच राहील? नोट्समध्ये त्याची ठरलेली उत्तरं असतात. वितळलं की वाढ, वाफ झाली की भरपूर वाढ, विरघळलं की वाढ, गार झालं की घट. पाठांतरावर बरंचसं निभावतं. मग मी घरातल्याच वस्तूंवर प्रश्न दिले आणि गाडी अडली.

माठातलं पाणी आपोआप गार होतं, मग आपोआप होणाऱ्या गोष्टीत एन्ट्रॉपी घटली कशी? कुल्फीवाला बर्फावर मीठ टाकतो आणि ते मिश्रण शून्याच्या पार खाली जातं, तिथे काय म्हणायचं? चुन्याच्या निवळीत चुना विरघळलेला असतो, त्याला 'विरघळलं की वाढ' लागू आहे का? तेल-पाणी घुसळून ठेवलं तर थोड्या वेळाने आपणहून वेगळं होतं, म्हणजे चक्क नीटनेटकं होतं! आणि उष्णतारोधक भांड्यात वायू निर्वाताकडे पसरला, उष्णता शून्य, मग क्यू भागिले टी (उष्णता भागिले तापमान) शून्य, म्हणून एन्ट्रॉपीतला बदलही शून्य?

माझं मत आधीच मांडते. 'एन्ट्रॉपी म्हणजे पसारा' हे शिकवणं आता बंद व्हायला हवं. वरच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे. तुम्ही हे कसं शिकलात, शिकवता किंवा कामात वापरता, ते वाचायला आवडेल.

भियाजी

भिया, इंदूरमध्ये या प्रश्नाचं उत्तर सकाळी सातला मिळतं. पोह्यावर शेव, कांदा आणि जीरावन (इंदुरी मसाला) पडलं, चमचा फिरला, की एन्ट्रॉपी वाढली. कुणी ते जीरावन परत डबीत भरून दाखवावं, जिलबी माझ्याकडून.

शंकेखोर_ग्वाल्हेर

भियाजींनी पसाऱ्याचाच दाखला दिला आणि तो चटकन कळलाही. मालविकाताई, माझा तुमच्या मताला विरोध आहे. सोळा वर्षांच्या मुलाला सूक्ष्मस्थिती (रेणू आणि ऊर्जा यांच्या मांडणीच्या तऱ्हा) सांगून काय पोचणार? पसारा हे चित्र आहे, ते बहुतेक ठिकाणी बरोबर दिशा दाखवतं. बर्फातले रेणू ओळीने बसलेले, पाण्यात विस्कटलेले, वाफेत तर उधळलेले. यात चुकीचं काय आहे?

अनुजा_भौतिकी

शंकेखोर, त्या चित्रात आकडे घालून बघा.

तांदळाचे हजार दाणे आणि मुगाचे हजार दाणे वेगवेगळे आहेत, ते एकत्र कालवले. मांडणीच्या तऱ्हा साधारण दोनाचा दोन हजारावा घात. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम (लॉन) सुमारे १३८६. त्याला बोल्ट्झमनच्या स्थिरांकाने, म्हणजे १.३८ गुणिले १० चा उणे २३ वा घात, याने गुणलं की एन्ट्रॉपीतली वाढ येते, सुमारे २ गुणिले १० चा उणे २० वा घात ज्यूल प्रति केल्विन. आता एक ग्रॅम बर्फ वितळवा. सुप्त उष्णता ३३४ ज्यूल, तापमान २७३ केल्विन, भागाकार १.२२ ज्यूल प्रति केल्विन. दोन्हींत जवळपास वीस शून्यांचा फरक आहे.

म्हणजे खोलीतला पसारा, दाणे, पोहे यांची सरमिसळ एन्ट्रॉपीच्या हिशोबात कुठेच दिसत नाही. चमचा फिरवताना घर्षणाने जी थोडीशी ऊब तयार झाली, तीसुद्धा त्या सरमिसळीपेक्षा कितीतरी मोठी. रसायनशास्त्राचे अमेरिकी प्राध्यापक फ्रँक लॅम्बर्ट यांनी हाच मुद्दा वर्षानुवर्षं लावून धरला: एन्ट्रॉपी ही रेणूंच्या पातळीवर ऊर्जा कशी पसरते त्याची गोष्ट आहे, डोळ्यांना दिसणाऱ्या अव्यवस्थेची नव्हे.

भियाजी

म्हणजे जिलबी वाचली माझी.

रामबागकर

मी आयुष्यभर बॉयलर आणि वाफेच्या कामात होतो, म्हणून माझी वाट वेगळी. आम्ही एन्ट्रॉपीचं चित्र कधी काढलं नाही, ती टेबलात वाचली. स्टीम टेबलात प्रत्येक दाब-तापमानापुढे एक आकडा छापलेला असतो. १०० अंशांच्या पाण्याला १.३१, त्याच तापमानाच्या कोरड्या वाफेला ७.३५, एकक किलोज्यूल प्रति किलो प्रति केल्विन. फरक ६.०५. हाच फरक सुप्त उष्णता २२५७ ला ३७३ ने भागून येतो. ज्याला शंका असेल त्याने भागून बघावं.

मालविकाताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर याच टेबलात आहे. १० बार दाबाची कोरडी संपृक्त वाफ घ्या, तापमान १८० अंश, एन्ट्रॉपी ६.५९. ती अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून १ बारच्या पाइपात सोडली. व्हॉल्व्ह नीट लॅगिंग केलेला (उष्णतारोधक थर गुंडाळलेला), उष्णता बाहेर गेली नाही, आत आली नाही. एन्थाल्पी (अंतर्गत ऊर्जा अधिक दाब गुणिले आकारमान) तेवढीच राहिली. पलीकडे वाफ साधारण १५० अंशांची आणि एन्ट्रॉपी ७.६२. क्यू शून्य असून एन्ट्रॉपी एक एककाने वाढली! तीच वाफ आदर्श टर्बाइनमधून १ बारपर्यंत आणली असती तर एन्ट्रॉपी ६.५९ वरच राहिली असती आणि किलोमागे सुमारे ३९० किलोज्यूल काम हाती लागलं असतं. व्हॉल्व्हने ते काम गिळलं.

म्हणून मी नव्या मुलांना सांगायचो: उष्णता गेली-आली नाही म्हणून एन्ट्रॉपी बदलली नाही, असं म्हणण्याआधी प्रक्रिया कशी झाली ते बघा. क्यू भागिले टी हे रिव्हर्सिबल, म्हणजे पावलोपावली उलटी फिरवता येईल अशा वाटेवरच चालतं. वाट तशी नसेल तर सुरुवात आणि शेवट पकडा, दोहोंमध्ये मनाने एक रिव्हर्सिबल वाट आखा आणि तिच्यावर मोजा.

मालविका_इंदूर

काका, हे सोन्यासारखं उदाहरण दिलंत. मुलांच्या पुस्तकातला आदर्श वायू असाच सुटतो. एक मोल वायू निर्वाताकडे पसरून दुप्पट झाला, तापमान तेवढंच. मनातली वाट म्हणजे तेवढ्याच तापमानाला हळूहळू प्रसरण. उत्तर ८.३१४ गुणिले लॉन २, म्हणजे ५.७६ ज्यूल प्रति केल्विन. सभोवतालाला काही मिळालं नाही, काही गेलं नाही, म्हणून एकूण वाढही ५.७६.

उलट तोच वायू उष्णतारोधक सिलिंडरमध्ये दट्ट्या हळूहळू ढकलत दुप्पट झाला तर बदल शून्य. नायट्रोजन असेल तर ३०० केल्विनवरून तो सुमारे २२७ केल्विनपर्यंत गार होतो. जागा वाढली म्हणून एन्ट्रॉपी वाढली, गार झाला म्हणून तेवढीच घटली. 'आकार वाढला की एन्ट्रॉपी वाढते' असं एकच वाक्य पाठ करणाऱ्यांची इथे विकेट पडते.

मीनाक्षीकाकू

मी विज्ञानाची नाही, कॉमर्सची. पण माठाचं म्हणाल तर मला इतकं ठाऊक आहे: मे महिन्यात दुपारी माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार असतं आणि जुलैत पावसाची झड लागली की तोच माठ, तेच पाणी, पण गारवा येत नाही. माठ बाहेरून ओलाच असतो. तुमच्या एन्ट्रॉपीत याचं उत्तर आहे का?

बडोद्याचा_केमिकलवाला

काकू, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. हिशोब मांडतो.

एक लिटर पाणी ३५ अंशांवरून २५ वर आलं असं धरू. सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता त्यातून गेली. त्या पाण्याची एन्ट्रॉपी १३८ ज्यूल प्रति केल्विनने घटली. घटलीच, त्यात लपवायचं काही नाही. ती उष्णता घेऊन साधारण १७ ग्रॅम पाणी पाझरून उडालं. पाण्याचं बाष्प होताना त्या १७ ग्रॅमांची एन्ट्रॉपी जवळजवळ तितकीच, १३८ ने वाढली. इथवर फिट्टंफाट.

पण बाष्प तिथे थांबत नाही, कोरड्या हवेत आणखी पसरतं. सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर बाष्पाला पाचपट मोकळीक मिळते. ग्रॅममागे ०.४६ गुणिले लॉन ५, म्हणजे ०.७४ ज्यूल प्रति केल्विन. १७ ग्रॅमांचे झाले सुमारे १३. माठाचं सगळं काम या १३ च्या जोरावर चालतं. आर्द्रता ८० टक्के झाली की लॉन ५ च्या जागी लॉन १.२५ येतो, सातवा हिस्सासुद्धा उरत नाही. १०० टक्क्यांना शून्य. मग पाणी उडायला कारणच उरत नाही. (आर्द्रता पाण्याच्या तापमानाला मोजलेली धरली आहे आणि हवेकडून माठात शिरणारी ऊब सोडून दिली आहे. ती धरली तर आकडे हलतील, चिन्हं बदलणार नाहीत.)

आमच्या बडोद्यापेक्षा इंदूरचा मे कोरडा, म्हणून माठाचा गारवा तुमच्याकडे जास्त.

मीनाक्षीकाकू

म्हणजे गारवा कोरड्या हवेचा. हे माझ्या आईला ठाऊक होतं, ती माठ खिडकीत वाऱ्याला ठेवायची. आकडा आज कळला.

शंकेखोर_ग्वाल्हेर

माठाचा हिशोब आवडला. म्हणजे 'घटली का' याचं उत्तर माठातल्या पाण्यासाठी होय आणि सगळं धरून नाही. मग परीक्षेत काय लिहायचं? प्रश्नात फक्त 'एन्ट्रॉपी' लिहिलेलं असतं.

रामबागकर

कुणाची, ते आधी लिहायचं. प्रश्न काढणाऱ्याने लिहिलं नसेल तर उत्तर देणाऱ्याने लिहायचं. आम्ही कुठल्याही हिशोबाआधी कागदावर तुटक रेघेने चौकट काढायचो. चौकटीच्या आत ती प्रणाली, बाहेर सगळा सभोवताल. रेघ ओढल्याशिवाय आकडा मांडायचा नाही, असा आमच्या साहेबांचा दंडक होता. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम, म्हणजे एन्ट्रॉपी घटत नाही हा, फक्त दोन्हींच्या बेरजेला लागतो. एकट्या प्रणालीची एन्ट्रॉपी खुशाल घटू शकते.

सराफ्याची_लेक

आमचं घर पिढीजात सोनारकामातलं. दिवसा सराफ्यात दुकान, रात्री त्याच ओट्यावर खाऊगल्ली, इंदूरकरांना सांगायला नको. एक शंका आहे. मुशीत चोख सोनं टाकणखार घालून वितळवतो, त्यात तांबं घालतो, बावीस कॅरट होतं. वितळताना एन्ट्रॉपी वाढली, हे कळलं. तांबं मिसळल्यावरही वाढते का? आणि जुना दागिना गाळून परत चोख सोनं काढतो, तेव्हा ती घटली म्हणायची का?

बडोद्याचा_केमिकलवाला

दोन्हीला होय, चौकट सोन्या-तांब्याभोवती असेल तर.

सोनं १०६४ अंशांना वितळतं. मोलमागे सुमारे १२.५ किलोज्यूल सुप्त उष्णता, भागिले १३३७ केल्विन, म्हणजे ९.४ ज्यूल प्रति केल्विन. पुष्कळ धातूंसाठी हा आकडा याच आसपास येतो. वाफ होताना पुष्कळशा द्रवांसाठी तो ८५ ते ८८ च्या घरात असतो, त्याला ट्राउटनचा नियम म्हणतात. पाणी तिथेही वेगळं, त्याचा १०९, कारण द्रवातले रेणू एकमेकांना धरून असतात.

मिसळण्याचं बघू. बावीस कॅरटमध्ये वजनाने तांबं जेमतेम ८ टक्के, पण तांब्याचा अणू हलका, त्यामुळे अणूंच्या संख्येत ते सुमारे २२ टक्के भरतं. आदर्श मिश्रण धरलं तर मोलमागे ४.४ ज्यूल प्रति केल्विनची वाढ. वितळण्याच्या जवळपास निम्मी! इथे सरमिसळ मोजण्याजोगी का झाली? अनुजाच्या उदाहरणात दाणे दोन हजार होते, इथे अणू १० च्या २३ व्या घाताच्या घरात आहेत.

परत चोख करताना ती वाढ उलटी फिरवावी लागते. तुमच्याकडे चांदी घालून सोनं चौथाईवर (एकूणाच्या चौथ्या हिश्शावर) आणतात आणि शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक आम्लात) उकळतात ना? तांबं-चांदी विरघळून जाते, तांबूस धूर निघतो, भट्टीची उष्णता खोलीभर होते. त्या सगळ्यात जितकी एन्ट्रॉपी तयार होते तिच्यापुढे सोन्यातली घट किरकोळ.

सराफ्याची_लेक

चौथाईच करतात, आजोबा त्याला 'पातळ करणं' म्हणायचे. तो धूर मात्र घशाला फार लागतो. आता गाळणीचं काम धुराड्याखाली करतात.

शंकेखोर_ग्वाल्हेर

तेल-पाण्याचं कुणी बोललंच नाही. पसाऱ्याचं चित्र तिथे उघड उघड उलटं पडतं, हे मी मान्य करतो. पण मग तुमचं चित्र तिथे कसं चालतं?

अनुजा_भौतिकी

तेलाकडे बघू नका, पाण्याकडे बघा. पाण्याचा रेणू शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध जोडत असतो आणि सतत कूस बदलत असतो. शेजारी तेलाचा रेणू आला की त्या बाजूला बंध जोडता येत नाही. मग तिथले पाण्याचे रेणू ठरावीक दिशांनाच तोंड करून बसतात, त्यांच्या तऱ्हा कमी होतात. तेलाचे थेंब एकत्र आले की तेलाला लागून बसणारं पाणी कमी होतं, बाकीचं सुटतं. तेल एका जागी आल्याने जी घट होते तिच्यापेक्षा सुटलेल्या पाण्याची वाढ मोठी. साध्या तापमानाला यात उष्णतेची देवाणघेवाण अगदी थोडी, मुख्य जोर एन्ट्रॉपीचाच. प्रथिनांच्या घड्या पडण्यातही याचा मोठा वाटा आहे.

आणखी एक सांगते. १९५७ मध्ये ऑल्डर आणि वेनराइट यांनी संगणकावर कडक गोळ्या घेऊन पाहिलं. गोळ्यांमध्ये ओढ नाही, ढकलणं नाही, फक्त एकमेकींत शिरता येत नाही. दाटी वाढवत नेली की गोळ्या आपणहून ओळीत बसल्या, स्फटिक झाला. ओळीत बसल्याने प्रत्येक गोळीला हलायला जास्त जागा मिळते. तिथे दिसायला शिस्त वाढते आणि एन्ट्रॉपीही वाढते.

शंकेखोर_ग्वाल्हेर

गोळ्यांचं हे वाचून थक्क झालो. मग पसाऱ्याच्या जागी मुलांना काय द्यायचं? माझा मूळ आक्षेप कायम आहे. नुसत्या सूत्राने पोट भरत नाही.

अनुजा_भौतिकी

मोजायला द्या. ऊर्जेचे तीन सारखे तुकडे आणि दोन अणू. वाटण्याच्या तऱ्हा किती? ३-०, २-१, १-२, ०-३. चार. आता तेच तीन तुकडे चार अणूंत वाटा. तऱ्हा वीस होतात. मुलं पाच मिनिटांत वहीवर काढतात. गरम वस्तू गार वस्तूला लावली की ऊर्जा दोघांत का पसरते, ते या चार आणि वीसमध्ये आहे. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत बोल्ट्झमनच्या स्मारकावर जे सूत्र कोरलंय, एस बरोबर के लॉग डब्ल्यू, त्यातला डब्ल्यू म्हणजे या तऱ्हाच. त्या रूपात ते सूत्र प्लांकने लिहिलं, पण कल्पना बोल्ट्झमनची.

भियाजी

वीस काढल्या भिया, बायकोनेही काढल्या. तिच्या आधी आल्या.

मीनाक्षीकाकू

कुल्फीचं राहिलं. आमच्या लहानपणी घरी लाकडी पिंपाचा साचा होता, हाताने फिरवायचा. बर्फ-मीठ घालताना आजी म्हणायची, मिठात कंजूषी केली की आइसक्रीम बसत नाही.

बडोद्याचा_केमिकलवाला

आजी बरोबर म्हणायच्या. शून्य अंशाला बर्फ आणि शुद्ध पाणी बरोबरीत असतं. पाण्यात मीठ गेलं की द्रवाच्या बाजूला तऱ्हा वाढतात, तराजू वितळण्याकडे झुकतो. वितळायला उष्णता लागते, बाहेरून लगेच मिळत नाही, म्हणून मिश्रण ती स्वतःतून काढतं आणि गार होत जातं. मीठ वजनाने सुमारे २३ टक्के असेल तर उणे २१ अंशांपर्यंत जाता येतं. मिठात कंजूषी केली तर इतकं खाली जात नाही.

आता दुधाचं बघा. ते गोठतं, त्याची एन्ट्रॉपी घटते. समजा दूध उणे ५ ला आहे, बाहेरचं खारं पाणी उणे १८ ला, आणि १००० ज्यूल दुधातून बाहेर गेले. दुधाने गमावले १००० भागिले २६८, म्हणजे ३.७३. खाऱ्या पाण्याला मिळाले १००० भागिले २५५, म्हणजे ३.९२. उष्णता तीच, पण गार वस्तूच्या हाती पडली की तिची एन्ट्रॉपी जास्त. हा एक भागाकार मुलांच्या हातात बसला की निम्मे प्रश्न तोंडी सुटतात.

मालविका_इंदूर

आणि चुन्याचं उत्तर मीच लिहिते, कारण वर्गात सर्वात जास्त आरडाओरडा त्यावर झाला.

मीठ पाण्यात विरघळताना मोलमागे एन्ट्रॉपी सुमारे ४३ ज्यूल प्रति केल्विनने वाढते. विझवलेला चुना विरघळताना मात्र प्रमाण स्थितीत ती सुमारे १५८ ने घटते. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार, तो लहान, आसपासच्या पाण्याला घट्ट धरून बसवतो. हायड्रॉक्सिलही पाण्याला धरतो. सुटलेल्या आयनांची मोकळीक एकीकडे आणि अडकलेल्या पाण्याची घट दुसरीकडे, चुन्यात दुसरी बाजू जड होते. म्हणून चुना थोडासाच विरघळतो. विरघळताना तो थोडी उष्णता सोडतो, त्यामुळे पाणी तापवलं की आणखी कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे १.७ ग्रॅम, १०० अंशांना सुमारे ०.७. गार पाण्यातली नितळ निवळी तापवली की गढूळ होते. हे मी वर्गात परीक्षानळी धरून दाखवलं, तेव्हा कुठे आरडाओरडा थांबला.

तेव्हा 'विरघळलं की वाढ' खोडून टाका. वायू पाण्यात विरघळला तर घटच, सोड्यातल्या कार्बन डायऑक्साइडसारखी. कॅल्शियम क्लोराइडचीही घट होते.

शंकेखोर_ग्वाल्हेर

याच चालीवर एक माझ्याकडून. आमच्याकडे जानेवारीत पहाटे पाणी हातात घेववत नाही, त्यावरून सुचलं. शून्यावरून चार अंशांपर्यंत पाणी तापवलं तर ते आकसतं. आकसतं, तरी एन्ट्रॉपी वाढते, कारण उष्णता आत जाते आहे आणि तापमान वाढतं आहे. बर्फ वितळतानाही तेच, आकार घटतो आणि एन्ट्रॉपी वाढते. बरोबर ना?

अनुजा_भौतिकी

अगदी बरोबर. आणि 'वितळलं की वाढ' यालाही अपवाद आहे. हेलियम-३ साधारण ०.३ केल्विनच्या खाली गेला की घनाची एन्ट्रॉपी द्रवापेक्षा जास्त असते. घनातल्या अणूंची गाभ्याची फिरकी (स्पिन) मोकळी राहते, द्रवात ती बांधली जाते. १९५० मध्ये सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ पोमेरांचुकने हे आधी कागदावर सांगितलं होतं. तिथे द्रव दाबून गोठवला की तो आणखी गार होतो, त्यावर शीतकरणाची पद्धतच उभी राहिली.

रामबागकर

ज्यांना प्रयोगशाळा नको त्यांनी रुंद रबरबँड घ्यावा. झटकन ताणून ओठाला लावा, कोमट लागतो. ताणलेला थोडा वेळ धरून ठेवा, एकदम सैल सोडून परत ओठाला लावा, गार लागतो. रबराच्या लांब साखळ्या ताणल्यावर सरळ होतात, त्यांच्या वेटोळ्यांच्या तऱ्हा कमी होतात. ती घट कुठेतरी भरून निघायला हवी, ती रबराच्या तापण्यात निघते. इंग्लंडमधल्या केंडलच्या जॉन गॉफने हे १९ व्या शतकाच्या सुरुवातीला ओठांनीच ओळखलं. तो लहानपणापासून अंध होता. ताणलेल्या रबराला वजन टांगून हेअर ड्रायरने तापवा, वजन वर सरकतं. धातूची तार तापल्यावर लांबते, हे आखडतं. नातवंडांना हे दाखवल्यापासून घरात रबरबँड शिल्लक नाहीत.

मालविका_इंदूर

इतकं भरभरून लिहिलंत सगळ्यांनी. मूळ प्रश्नाकडे येते. या आठवड्यात वर्गात मी असं करणार आहे. कुठल्याही प्रश्नात पहिल्यांदा रामबागकर काकांची तुटक रेघ. मग सुरुवात आणि शेवट लिहायचा, रेघेच्या आतल्या हिशोबासाठी मधल्या वाटेकडे बघायचंच नाही. नंतर विचारायचं, रेघेच्या आतलं तापमान वाढलं की घटलं, आणि सभोवतालासाठी, प्रत्यक्षात उष्णता किती गेली-आली आणि कुठल्या तापमानाला. रेणूंना जागा जास्त मिळाली की कमी. कुणी कुणाला धरून बसवलं का. सगळी कारणं एकाच दिशेची असतील तर चिन्ह तिथेच कळतं. उलटसुलट असतील, जसं चुन्यात, तर आकडा काढल्याशिवाय बोलायचं नाही. शंकेखोरांच्या समाधानासाठी अनुजाच्या चार आणि वीस तऱ्हांनी तास सुरू करेन. पसाऱ्याचं नाव घेणार नाही.

शंकेखोर_ग्वाल्हेर

चार आणि वीस मला मान्य. माझ्या भाच्यालाही तेच देतो.

बारावी_विज्ञान

ताई, मी तुमच्याच वर्गातला. एक विचारायचं राहिलं. डब्यात मधोमध पडदा, एकीकडे एक मोल नायट्रोजन, दुसरीकडे एक मोल ऑक्सिजन, तापमान आणि दाब सारखे. पडदा काढला. दोघांनाही दुप्पट जागा, म्हणून ५.७६ अधिक ५.७६, म्हणजे ११.५. पण दोन्हीकडे नायट्रोजनच असेल तर? जागा तर तेव्हाही दुप्पट झाली ना?

अनुजा_भौतिकी

तेव्हा शून्य. पडदा परत टाकलास की जशी होती तशीच स्थिती मिळते, कुठल्याही मोजमापाने फरक सांगता येणार नाही. एका नायट्रोजनच्या रेणूच्या जागी दुसरा ठेवला तर ती नवी तऱ्हा धरायची नसते. अमेरिकी शास्त्रज्ञ गिब्जने १९ व्या शतकातच यावर बोट ठेवलं होतं, त्याचं पक्कं कारण पुढे क्वांटम सिद्धान्तात मिळालं. आता तू सांग: दोन्हीकडे नायट्रोजन, दोन्हीकडे जागा सारखी, तापमान सारखं, पण एकीकडे दोन मोल आणि दुसरीकडे एक. पडदा काढला तर?

बारावी_विज्ञान

दोन मोलवाल्या बाजूला मोलमागे जागा ४/३ पट झाली आणि एक मोलवाल्या बाजूला २/३ पट. म्हणून ८.३१४ गुणिले (दोनदा लॉन ४/३ अधिक लॉन २/३). कंसात ०.१७ आलं. उत्तर १.४१ ज्यूल प्रति केल्विन, वाढ. उष्णता गेली-आली नाही, म्हणून सभोवतालाचं शून्य आणि एकूण वाढही १.४१.

मालविका_इंदूर

बरोबर. सोमवारी फळ्यावर हे तूच सोडव, तुटक रेघेसकट.